पडदा बंद केल्यावर काय उरतं? गुडघ्याच्या व्यायामातल्या दृश्य फीडबॅकचा एक प्रकरण अभ्यास

परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. बसस्थानकाजवळच्या गाळ्यात एका खोलीचं फिजिओथेरपी केंद्र आहे. दोन कॉट, एक आरसा, पाठ असलेली लाकडी खुर्ची आणि भिंतीवर ३२ इंची टीव्ही, एवढंच सामान. व्यायाम करताना रुग्णाला स्वतःची हालचाल दिसावी आणि चूक जागच्या जागी कळावी, म्हणून केंद्राने मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चालणारी प्रणाली बसवली. कॅमेरा कंबर, गुडघा आणि घोटा ओळखतो, त्यांतला कोन मोजतो आणि टीव्हीवर एक पट्टी चढते. ठरवलेला कोन गाठला की ती हिरवी होते, नाहीतर लाल राहते. ही पट्टी रुग्णाच्या खरोखर कामाची आहे का, हे तपासायचं ठरलं.

रुग्ण ५८ वर्षांच्या मावशी. आयुष्य कापसाच्या वेचणीत गेलेलं. दिवसभर कमरेत वाकून, ओटीत कापूस घेऊन सरीमागून सरी. दोन्ही गुडघ्यांची झीज, उजव्याची जास्त. जमिनीवरून उठताना हाताचा आधार लागतो आणि एसटीची पहिली पायरी चढवत नाही, ही त्यांची मुख्य तक्रार. मावशी म्हणजे ओळखता येईल अशी एक व्यक्ती नव्हे. अशा केंद्रांत वारंवार दिसणाऱ्या अडचणी एका प्रकरणात बांधल्या आहेत. पुढची मोजमापं पद्धत कळावी म्हणून दिली आहेत, त्यांवरून टक्केवारी काढू नये.

तपासणीत उजवा गुडघा थेरपिस्टने हाताने सरळ केला तर ५ अंशांपर्यंत यायचा (पूर्ण सरळ म्हणजे शून्य अंश). मावशींनी स्वतःच्या ताकदीने केला तर २० अंशांवर थांबायचा. सांधा जाऊ देतो, पण मांडीचा पुढचा स्नायू तिथवर नेत नाही. या १५ अंशांच्या फरकाला एक्स्टेन्शन लॅग म्हणतात. त्यासाठी दिलेला व्यायाम साधा: ४५ सेंटिमीटर उंचीच्या खुर्चीत बसून पाय ३ सेकंदांत सरळ करायचा, ५ सेकंद धरायचा, ३ सेकंदांत खाली आणायचा. दहादहाच्या तीन फेऱ्या, मध्ये दीड-दोन मिनिटं विसावा. व्यायामाने दुखणं थोडं वाढलं तर चालतं, मात्र २४ तासांत ते पूर्वीच्या पातळीवर आलं पाहिजे. नाही आलं तर पुढच्या वेळी एक फेरी कमी.

प्रणालीचं ठरलेलं लक्ष्य होतं शून्य अंश, म्हणजे निरोगी गुडघा. मावशींचा सांधाच ५ अंशांच्या पुढे जात नाही. त्या लक्ष्यावर पट्टी जन्मात हिरवी झाली नसती. सॉफ्टवेअरमध्ये लक्ष्य बदलायची सोय होती, पण ती सेटिंगच्या तिसऱ्या पानावर, इंग्रजीत. आधी हाताने मोजलेला कोन, त्यात ५ अंश मिळवून रुग्णाचं लक्ष्य, आणि त्याभोवती ५ अंशांची सूट, असा नियम ठरवला. मावशींचं लक्ष्य १० अंश झालं आणि १५ अंशांपर्यंत आलेला प्रयत्न बरोबर धरायचा ठरलं.

कॅमेऱ्याला साडीतला गुडघा सापडत नाही

पहिली अडचण साडीची निघाली. हालचाल ओळखणारी सॉफ्टवेअरं शरीरावरचे ठरावीक बिंदू चित्रावरून अंदाजाने ठरवतात. गूगलच्या ब्लेझपोजमध्ये असे ३३ बिंदू आहेत. पाय पँटमध्ये असेल तर अंदाज बरा बसतो. गोल साडीत मांडी, गुडघा आणि पोटरी मिळून कापडाचा एकच पडदा होतो. पाय वर गेला की निऱ्यांची घडी खाली लोंबते आणि सॉफ्टवेअर त्या घडीच्या कडेलाच गुडघा समजतं. नऊवारीच्या काष्ट्यात दोन्ही पाय वेगळे दिसतात, त्यामुळे तिथे गोंधळ कमी होतो. पण मावशी नऊवारी नेसत नाहीत.

याची खात्री गोनिओमीटरने, म्हणजे सांध्याचा कोन मोजायच्या दोन भुजांच्या साधनाने केली. त्याचा मध्य गुडघ्याच्या बाहेरच्या हाडाच्या उंचवट्यावर, एक भुजा मांडीच्या वरच्या टोकाच्या हाडाकडे, दुसरी बाहेरच्या घोट्याकडे. पाय ९०, ६०, ३० आणि शेवटच्या कोनावर आधार देऊन स्थिर धरायचा, प्रत्येक ठिकाणी तीन वाचनं घ्यायची आणि पडद्यावरचा आकडा शेजारी लिहायचा. ५ अंशांच्या आतला फरक चालवून घेता येतो, कारण हाताने मोजतानाही तेवढी चूक होते. फरक नेमका ३० अंशांच्या खाली, पाय सरळ होत आला की वाढत होता, म्हणजे ज्या टप्प्यासाठी हा व्यायाम आहे त्याच टप्प्यात. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, दोन मीटर अंतरावर आणि पायाला काटकोनात ठेवला. खिडकी कॅमेऱ्याच्या पाठीमागे येईल अशी खुर्ची फिरवली. फरक कमी झाला, पण साडीचा प्रश्न तसाच राहिला.

ट्रॅकपँट घाला म्हणणं सोपं आहे. ५८ वर्षांच्या बाईला, एका खोलीत, बाहेर बाकावर गावातले चार जण बसलेले असताना ते सांगणं म्हणजे तिने पुन्हा येऊ नये अशीच व्यवस्था करणं. शिवाय कॅमेरा दिसल्यावर मावशींनी विचारलेला पहिला प्रश्न व्यायामाचा नव्हताच: "हे मोबाइलवर जाईल का कुणाच्या?" या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर द्यावंच लागतं. चित्रफीत कुठे साठते आणि ती कोण पाहू शकतं हे थेरपिस्टला नक्की सांगता येत नसेल, तर कॅमेरा सुरूच करू नये.

म्हणून कॅमेरा काढला. जुना मोबाइल रुंद वेलक्रो पट्ट्याने नडगीच्या सपाट, आतल्या बाजूला साडीवरूनच बांधला. तिथे हाड कातडीखाली लगेच असतं, स्नायू फुगला तरी फोन फारसा हलत नाही. मांडी खुर्चीवर आडवी टेकलेली असेल, तर नडगीचा कल कळला की गुडघ्याचा कोन कळतो. हालचाल सावकाश असल्याने फोनमधल्या कलमापकाचं वाचन स्थिर येतं. झटक्याने पाय उडवला तर ते बिघडतं, पण झटका देणं हीच मुळात चूक आहे. फोन बांधल्यावर गोनिओमीटरशी एकदा जुळवणी करून घ्यायची. सरावलेल्या हाताला बांधणं आणि जुळवणी मिळून दोन मिनिटं पुरतात. कॅमेऱ्याच्या मांडणीला सात लागत होती. अर्ध्या तासाच्या वेळेत सात मिनिटं जात असतील, तर गर्दीच्या दिवशी, विशेषतः आठवडी बाजाराच्या दिवशी, थेरपिस्ट ती प्रणाली उघडणारच नाही.

पडदा कुठे, अक्षर किती, उशीर किती

टीव्ही भिंतीवर सहा फुटांवर टांगलेला होता. बसलेल्या माणसाला तिकडे बघायला हनुवटी वर करावी लागते. हनुवटी वर गेली की पाठ मागे रेलते, आणि याचा परिणाम पुढे फार महागात पडला. टीव्ही स्टुलावर उतरवून त्याचा मध्य जमिनीपासून साधारण ११० सेंटिमीटरवर आणला, म्हणजे बसलेल्या मावशींच्या डोळ्यांसमोर.

अक्षरांचा हिशेब सोपा आहे, पण तो कुणी करत नाही. मोतीबिंदूमुळे नजर ६/२४ असेल (निरोगी डोळा २४ मीटरवरून वाचतो ते सहा मीटरवरून वाचता येतं), तर दोन मीटरवरून कसंबसं वाचता येणारं अक्षर १२ मिलिमीटर उंचीचं लागतं. कसंबसं वाचणं व्यायाम करताना उपयोगाचं नाही, त्यासाठी ३० मिलिमीटर तरी हवं. जवळचा चष्मा दोन मीटरवर मदत करत नाही, उलट धूसर दाखवतो. पडद्यावर सहा गोष्टी होत्या: कोन, पट्टी, मोजणी, वेळ, तारे आणि इंग्रजीतली शाबासकी. शेवटी दोनच ठेवल्या, एक आडवी रेघ आणि तिच्यापर्यंत चढणारा ठिपका. लाल-हिरव्यावर अवलंबून राहणंही काढलं. ठिपका रेघेवर आला की जाड होतो, त्यामुळे रंग ओळखता आला नाही तरी अडत नाही.

उशिराचं गणितही असंच. फोनचा पडदा वायफायवरून टीव्हीवर टाकला होता आणि चित्र पाव-अर्धा सेकंद मागे राहायचं. पाय ३ सेकंदांत साधारण ९० अंश फिरतो, म्हणजे सेकंदाला ३०. चित्र ०.३ सेकंद मागे असेल, तर पडदा ९ अंश जुना पाय दाखवतो, आणि सूट होती ५ अंशांची. मावशी ठिपक्यामागे धावत पाय पुढे रेटायच्या, मग ठिपका वर जाऊन थांबायचा. "मी थांबले तरी ते चालायलंय," हे त्यांचं वाक्य म्हणजे दोषाचं अचूक निदान होतं. टीव्हीला तारेने जोडलेला टॅबलेट वापरल्यावर हा प्रश्न संपला.

विचारायचं कसं

वापरण्याजोगेपणाची रूढ व्याख्या आयएसओ ९२४१-११ या मानकात आहे: काम साधतं का, किती कष्टात साधतं, आणि वापरणाऱ्याला समाधान आहे का. समाधान मोजायला १० विधानांची सिस्टिम युजेबिलिटी स्केल बहुतेक ठिकाणी वापरतात. जॉन ब्रुक यांनी ती १९८६ साली तयार केली. तिच्यात एक विधान चांगलं, पुढचं वाईट, अशी उलटसुलट रचना आहे आणि सहमतीचे पाच टप्पे. कागदावर वाचणाऱ्याला ते जमतं. तोंडी विचारलं की "ही प्रणाली विनाकारण गुंतागुंतीची आहे, याच्याशी तुम्ही असहमत आहात का?" इथे भलेभले अडखळतात.

पाच टप्प्यांसाठी मावशींच्याच बोलण्यातलं माप घेतलं. दुखणं किती कमी झालं असं विचारलं की त्या "आठ आणे" किंवा "बारा आणे" म्हणतात. मग शून्य, चार आणे, आठ आणे, बारा आणे, सोळा आणे असे पाच टप्पे ठरले, आणि विधानं सगळी सरळ केली: "रेघ बघून काय करायचं ते कळलं?", "घरी कुणी नसताना हे एकटीने जमेल?" उत्तरं पटापट आली. याची किंमत मात्र लक्षात ठेवायला हवी. असं बदललेलं माप मूळ स्केलच्या गुणांशी, किंवा तिच्या नेहमी सांगितल्या जाणाऱ्या ६८ या सरासरीशी, ताडून बघता येत नाही.

त्याहून मोठी अडचण भिडेची. थेरपिस्ट मॅडमनी विचारलं की मावशी सोळा आणेच सांगणार. ज्यांनी पाय धरून व्यायाम शिकवला, त्यांच्या तोंडावर "हे बरं नाही" कोण म्हणेल? म्हणून प्रश्न थेरपिस्टने न विचारता दुसऱ्याने विचारले. व्यायाम करताकरता मनातलं बोलायला सांगायची पद्धत इथे चालत नाही, कारण पाय धरलेला असताना बोलणं तुटतं आणि लक्ष जातं. फेरी संपल्यावर लगेच, टीव्हीकडे बोट दाखवून "इथं काय झालं होतं?" एवढंच विचारणं जास्त देऊन जातं.

सगळ्यांत कामाचा उपाय निघाला शिकवायला लावण्याचा. सोबत आलेल्या सूनबाईंना खुर्चीत बसवलं आणि मावशींना सांगितलं, आता तुम्ही हिला शिकवा. पहिल्या दिवशी मावशी म्हणाल्या, "ते हिरवं होऊस्तोर पाय वर कर." पाय कुठवर न्यायचा, किती वेळ धरायचा, मांडी टेकलेली ठेवायची, यातलं काहीच त्यांच्या शिकवण्यात नव्हतं. पडद्याने त्यांना पडद्याबद्दल शिकवलं होतं. गुडघ्याबद्दल सांगायचं राहून गेलं होतं.

हिरवं झालं, गुडघा होता तिथेच

या मूल्यमापनाचा कणा म्हणजे पडदा बंद ठेवून घेतलेली चाचणी. फोन मोजतो, पण टीव्ही काळा. १० वेळा पाय सरळ करायचा. १५ अंशांच्या आत ५ सेकंद राहिला आणि हळू खाली आला तर बरोबर. ही चाचणी तीनदा घ्यायची: शिकवण्याआधी, शिकवून १० मिनिटं विसावा घेतल्यावर, आणि पुढच्या भेटीला आल्या आल्या, कुठलीही आठवण करून न देता.

शिकवण्याआधी १० पैकी १. पडदा चालू असताना ९. दहा मिनिटांनी, पडदा बंद, ६. तीन दिवसांनी, पडदा बंद, ३.

पडदा चालू असतानाचा ९ हा आकडा सगळ्यांना आवडतो आणि बहुतेक प्रात्यक्षिकं तिथेच संपतात. पण त्या क्षणी रुग्ण पडद्याचा आधार घेऊन हालचाल दुरुस्त करत असतो, स्वतःच्या पायाची जाणीव त्याला वापरावी लागत नाही. १९८४ साली सॅल्मनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी हालचाल शिकण्याविषयी मांडलेला विचार हाच आहे: सतत मिळणारं मार्गदर्शन त्या वेळची कामगिरी वाढवतं आणि शिकणं अडवतं. मावशींना पडदा घरी नाही आणि एसटीच्या पायरीवरही नाही. तीन दिवसांनंतरचा ३ हाच त्यांच्या उपयोगाचा आकडा.

दुसरा दोष जास्त गंभीर होता. ठिपका १० अंशांच्या रेघेवर असताना गोनिओमीटर लावला, तर गुडघा २० वरच होता. कारण मघाशी सांगितलेलं रेलणं. पाठ मागे गेली की मांडी खुर्चीवरून उचलली जाते. नडगीवरचा फोन मांडी आडवी आहे असं गृहीत धरतो. मांडी १० अंश वर उचलली तर पडद्यावर गुडघा तेवढाच जास्त सरळ दिसतो. मावशी जाणूनबुजून काही करत नव्हत्या. मांडीमागचे स्नायू आखडलेले असले की पाय सरळ होताना शरीर आपोआप मागे जातं, आणि पडद्याने त्यालाच शाबासकी दिली.

दुसरा फोन मांडीला बांधता आला असता. पण बांधणीचा वेळ दुप्पट, बिघाडाच्या जागाही दुप्पट. त्याऐवजी जुन्या साडीची दोन बोटं रुंद पट्टी मांडीखाली, खुर्चीच्या कडेजवळ ठेवली आणि तिचं टोक सूनबाईंच्या हातात दिलं. पाय सरळ असताना पट्टी हलकेच ओढायची. सुटली तर मांडी उचलली आहे, तो प्रयत्न धरायचा नाही. पहिल्याच फेरीत १० पैकी ७ वेळा पट्टी सुटली. म्हणजे आधी लिहिलेले सगळे आकडे, तो ९ सुद्धा, फुगलेले होते. ते खोडून पायाभूत चाचणी नव्याने घ्यावी लागली: पडदा बंद, पट्टीसह, १० पैकी ०.

श्वासाचं एक राहिलं. पहिल्या आवृत्तीत पाय जरा खाली आला की ५ सेकंदांची मोजणी शून्यावर जायची. ती जाऊ नये म्हणून मावशी श्वास कोंडायच्या आणि दात आवळायच्या. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, त्यामुळे हे नुसतं गैरसोयीचं नव्हतं. मोजणी तुटली तर जिथे होती तिथेच थांबेल असं केलं, आणि ५ पर्यंत आकडे मावशींनी स्वतः मोठ्याने मोजायचे. मोठ्याने बोलणाऱ्याला श्वास कोंडता येत नाही.

पडदा कमी करत नेणं

बदललेल्या क्रमात प्रत्येक भेटीची सुरुवात पडदा बंद ठेवून १० प्रयत्नांच्या चाचणीने होते. मग पहिले ५ प्रयत्न ठिपका बघत. पुढचे १० प्रयत्न पडदा काळा, पाय खाली आल्यावरच ठिपका कुठवर गेला होता ते दिसतं. त्याआधी मावशींनी स्वतः सांगायचं, पोचला की नाही. हा अंदाज सांगणं हाच शिकण्याचा गाभा आहे आणि घाईत तेच सगळ्यांत आधी गाळलं जातं. उरलेल्या १५ मध्ये प्रत्येकी ५ प्रयत्नांनंतर एकदा, आणि तेही चूक सुटीच्या बाहेर असेल तरच दाखवायचं. बरोबर असेल तर पडदा गप्प. सुरुवातीला मावशींना वाटलं यंत्र बंद पडलं. "गप्प आहे म्हणजे बरोबर आहे" हे आधी सांगायला हवं होतं.

सूचनेचे शब्दही बदलले. "मांडीचा स्नायू आवळा" म्हटल्यावर मावशी सगळं अंगच आवळायच्या. "टाचेने समोरची भिंत ढकला" म्हटल्यावर पाय मुकाट्याने सरळ व्हायचा.

तीन आठवड्यांत सहा भेटी झाल्या. सहाव्या भेटीला आल्या आल्या, पडदा बंद, पट्टीसह, १० पैकी ७. गोनिओमीटरवर स्वतःच्या ताकदीचा कोन २० वरून १५ झाला, पण ५ अंश हा मोजण्यातल्या चुकीइतकाच फरक, म्हणून नोंदीत तो सुधारणा म्हणून लिहिला नाही. तीन आठवड्यांत स्नायू आकाराने फारसा वाढत नाही, बदलली ती हालचालीची रीत. ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येतं ही चाचणीही ठेवली होती. मावशी हाताशिवाय उठू शकत नव्हत्या. नियमाप्रमाणे अशा वेळी ० लिहायचा, आणि हात टेकून किती जमलं ते शेजारी वेगळं नोंदवायचं. दोन्ही एकत्र केले की पुढची तुलना वाया जाते.

शिकवण्याची परीक्षा पुन्हा घेतली. या वेळी सूनबाईंना मावशींनी आधी मांडीखाली पट्टी ठेवायला लावली, मग म्हणाल्या, "मागं रेलू नको, अन् तोंडानं मोज."

वेचणी सुरू झाल्यावर

दसरा-दिवाळीच्या सुमारास कापूस फुटतो आणि भेटी थांबतात. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तरी वेचणीच्या दिवसाची मजुरी बुडवून कुणी येत नाही. तेव्हा घरच्या व्यवस्थेला वीज, नेट आणि फोन यांतलं काहीही लागता कामा नये. मावशींच्या घरी भिंतीला टेकवलेली एक खुर्ची ठरवली आणि तिच्यासमोर दोन स्टुलांमध्ये सैल सुतळी बांधली. ती पायाच्या अंगठ्याच्या पातळीवर असते, आणि ती पातळी थेरपिस्टने गुडघा १० अंशांवर धरून खुणेने ठरवून दिली. सुतळीला रंगीत चिंधी. अंगठा चिंधीला लागला की पोचलं. सुतळी गाठ न मारता नुसती अडकवायची, म्हणजे पाय अडकला तर ती सुटेल. व्यायाम झाला की लगेच काढून ठेवायची, अंधारात कुणी अडखळायला नको. मांडीखाली तीच साडीची पट्टी. सूनबाई रानात असतील तर पट्टीचं टोक मावशींच्याच हातात. एक दिवसाआड तीन फेऱ्या, रानातून आल्यावर लगेच नको, रात्रीच्या जेवणाआधी. दर तिसऱ्या फेरीला चिंधी काढून, डोळे मिटून १० वेळा.

केंद्रातल्या नोंदवहीत मावशींच्या पानावर पाच रकाने आहेत: तारीख, पडदा बंद असताना १० पैकी किती, पट्टी किती वेळा सुटली, दुसऱ्या दिवशीचं दुखणं किती आणे, आणि सूनबाईंना काय शिकवलं. पडदा चालू असतानाच्या आकड्यासाठी रकाना ठेवलेला नाही. वेचणी संपून मावशी परत येतील त्या दिवशी टीव्ही लावण्याआधी दुसरा रकाना भरायचा आहे.